आठ मिली, सकाळ-संध्याकाळ

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. केज तालुक्यातलं आमचं गाव अंबाजोगाईपासून वीसेक किलोमीटरवर आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या पाच वर्षांच्या लेकीला टायफॉईड झाला. घरात सगळे तिला चिमी म्हणतात, इथंही तेच म्हणते. औषध एकच होतं, सेफिक्झिम नावाचं अँटिबायोटिक. पण पहिले चार दिवस ते चुकीच्या मापानं गेलं आणि पुढचे चौदा दिवस बरोबर मापानं. या दोन मापांमध्ये काय फरक होता, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर लेकरू चार दिवस कमी तापलं असतं. शाळेतल्या दोघी-तिघींनी विचारलं म्हणून सगळं तारखेनिशी लिहून काढते आहे. एक आधीच सांगते. यातले आकडे चिमीच्या वजनाचे आणि तिच्या आजाराचे आहेत. ते उचलून आपल्या लेकराला लावू नका. हिशोब कसा करतात आणि डॉक्टरांना काय विचारायचं, तेवढं घ्या.

१८ जून २०२४, मंगळवार. शाळा सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. उन्हाळाभर गावाला टँकरचं पाणी होतं. मृगाचा पाऊस चांगला झाला, टँकर बंद झाले आणि नळाला विहिरीचं पाणी सुरू झालं. दोन दिवस ते गढूळ आलं, आम्ही फडक्यानं गाळून प्यायलो. मंगळवारी संध्याकाळी चिमी अंगणवाडीतून आली तशी पडूनच राहिली. अंग गरम होतं. रात्री पॅरासिटामॉल दिलं, घाम आला, ताप उतरला, पहाटे परत चढला. बुधवारीही असंच. चिमीचे बाबा सोयाबीनच्या पेरणीत अडकलेले, वापसा गेला तर परत तिफण चालणार नाही अशी घाई. मी शाळेत, घरी आत्याबाई.

२० तारखेला गुरुवारी शाळा सुटल्यावर जवळच्या एका दवाखान्यात नेलं. गर्दी होती. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं, "टायफॉईडसारखं वाटतंय" म्हणाले आणि चिठ्ठी दिली. वजन केलं नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव मला लागलंच नाही, "सेफ" एवढंच आणि पुढं "५ मिली, दोन वेळा, ५ दिवस". मेडिकलवाल्या पोरानं फळीवरून डबी काढली, बाटलीतली पावडर हलवली, स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतून पाणी ओतलं, थेट मानेपर्यंत, आणि हलवून हातात दिली. "पाच-पाच मिली." मी पैसे दिले आणि निघाले. दवाखान्याची फी १५०, औषधं २१०.

शनिवारी ताप १०२ च्या खाली येईना म्हणून त्याच दवाखान्याच्या सांगण्यावरून रक्त तपासलं. विडाल (टायफॉईडसाठी करतात ती टेस्ट) आणि रक्तातल्या पेशी, ४५० रुपये. विडाल "पॉझिटिव्ह" आली. औषध तेच चालू ठेवा म्हणाले. आत्याबाईंचं एकच, "हा मुदतीचा ताप हाय, एकवीस दिवस घेतल्याबिगर जात नाही." शेजारच्या काकूंचं म्हणणं, सलाईन लावलं की उतरेल. रविवारी रात्री थर्मामीटरवर १०३.४ पाहिलं. लेकरू पाणी मागत होतं, पण डोळे उघडत नव्हतं. मी रात्रभर ओल्या फडक्यानं अंग पुसत बसले. पहाटे चिमीच्या बाबांना म्हटलं, पेरणी दोन दिवस राहू द्या, आपण अंबाजोगाईला जाऊ.

२४ जून, सोमवार. सकाळची साडेसातची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, चिमीचंही अर्धंच. पिशवीत काय घ्यावं याचा विचार मी रात्रीच करून ठेवला होता आणि तो फार कामाला आला. औषधाच्या दोन्ही बाटल्या (रिकामी आणि चालू, डबीसकट), जुनी चिठ्ठी, विडालचा कागद, अंगणवाडीचं वजनाचं कार्ड आणि वहीच्या पानावर लिहिलेला तापाचा तक्ता. कुणी सांगितलं नव्हतं, पण आठवण दगा देते हे मला वर्गात रोज दिसतं, म्हणून तास आणि आकडे लिहीत गेले होते.

अंबाजोगाईच्या स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत अर्धा-पाऊण तास गेला. मग बालरोग विभागाबाहेर बाकावर. सव्वानऊला बसलो होतो, नंबर आला पावणेबाराला. नर्सबाईंनी आधी चिमीच्या चपला आणि स्वेटर काढून काट्यावर उभं केलं. १६ किलो. कार्डावर मे महिन्यात १६.८ होतं. सहा दिवसांत जवळजवळ किलोभर गेलं होतं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी माझा तापाचा तक्ता वाचला, मग बाटली हातात घेतली आणि डबीवरचं बारीक अक्षर मला दाखवलं.

"ताई, तुम्ही किती देताय?"

"पाच मिली, दोन वेळा."

"पाच मिलीत औषध किती आहे?"

मला उत्तर देता येईना. डबीवर लिहिलेलं होतं, प्रत्येक ५ मिलीत सेफिक्झिम ५० मिलिग्रॅम. चार दिवसांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

"एक पेला सरबत दिलं म्हटल्यावर त्यात साखर किती, हे कळतं का?" त्या म्हणाल्या. "मिली म्हणजे नुसतं माप झालं. औषध मिलिग्रॅममध्ये असतं." मग त्यांनी केसपेपरच्या कडेला हिशोब मांडला. मी तो तसाच वहीत उतरवून घेतला.

आम्ही देत होतो सकाळी ५० आणि रात्री ५०, म्हणजे दिवसाला १०० मिलिग्रॅम. १६ किलोच्या लेकराला किलोमागे सहा-सव्वासहा मिलिग्रॅम. याच औषधाचा घसा, कान, लघवीच्या संसर्गासाठीचा लहान मुलांचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे ८ मिलिग्रॅम असतो. आम्ही त्याच्याही खाली होतो. टायफॉईडला तर त्याहून खूप जास्त लागतं, १५ ते २०. मॅडमनी २० धरलं. १६ गुणिले २०, दिवसाला ३२० मिलिग्रॅम. दोन भाग, १६० आणि १६०. त्यात बाटली मानेपर्यंत पाण्यानं भरलेली, म्हणजे ते ५० सुद्धा पूर्ण नव्हते.

"आता जी बाटली लिहिते ती ५ मिलीत १०० मिलिग्रॅमची आहे. १६० मिलिग्रॅमला किती मिली?"

हे त्रैराशिक मी पोरांना शिकवलेलं आहे. शंभराला पाच, तर एकशे साठाला किती. आठ. आठ मिली, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. हेच ५० वाल्या बाटलीतून द्यायचं तर सोळा मिली झालं असतं. नाव तेच, डबीचा रंगही जवळपास तोच, आणि चमचा भरला की औषध निम्मं. मला त्या क्षणी रडू आलं. मॅडमनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बाटली घेऊन आलात म्हणून कळलं. बरेच जण नुसतं 'गुलाबी औषध चालू आहे' सांगतात." तापाच्या औषधाचंही तसंच निघालं. आमच्याकडे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमची बाटली होती, चिमीला किलोमागे १५ च्या हिशोबानं २४० लागत होतं. म्हणजे तेही निम्मंच जात होतं.

मग त्यांनी ज्या गोष्टी विचारल्या त्या मी क्रमानं सांगते, कारण आधीच्या दवाखान्यात यातलं काहीच विचारलं गेलं नव्हतं. कुठल्या औषधानं कधी अंगावर काही उठलं होतं का? उठलं होतं. तीन वर्षांची असताना अमॉक्सिसिलिनच्या पाचव्या दिवशी पोटावर आणि पाठीवर लाल ठिपके आले होते. मी ते सांगायला कचरत होते, वाटलं आता हे औषधही बंद करतील. मॅडमनी खोदून विचारलं. ठिपके सपाट होते की गांधीसारखे उठलेले? खाज होती का? ओठ, डोळे सुजले का? धाप लागली का? डोसनंतर तासाभरात आले की दिवसांनी? आमचे सपाट होते, खाज नाही, सूज नाही, आणि आले ते पाचव्या दिवशी. त्यांनी समजावलं की सेफिक्झिम सेफॅलोस्पोरिन गटातलं आहे आणि पेनिसिलिनच्या, म्हणजे अमॉक्सिसिलिनच्या, गटाशी त्याचं नातं आहे. पूर्वी शंभरातल्या दहाजणांना दोन्हींची ॲलर्जी असते असं मानत, आता ते प्रमाण खूप कमी धरतात, आणि सेफिक्झिमच्या रेणूची बाजूची साखळी अमॉक्सिसिलिनपेक्षा वेगळी असल्यानं धोका आणखी कमी. पण गांधी, सूज, धाप असं काही झालं असतं तर त्यांनी वेगळा विचार केला असता. केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात त्यांनी लाल पेनानं ते ठिपक्यांचं लिहिलं आणि म्हणाल्या, पहिला डोस इथंच द्या, तासभर बसा, मग जा.

लघवी नीट होते का, हे विचारलं. हे औषध बऱ्याच अंशी मूत्रपिंडातून बाहेर पडतं, मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो. मला लगेच आत्याबाई आठवल्या. त्यांना साखर आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे (म्हणजे मूत्रपिंड अशक्त), आणि घरात उरलेलं औषध जपून ठेवून पुढच्या दुखण्याला घ्यायची त्यांची जुनी सवय.

तिसरी गोष्ट, रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. "विडाल एकदाच करून फारसं कळत नाही," मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे बऱ्याच निरोगी माणसांची सुद्धा थोडी पॉझिटिव्ह येते. कल्चर औषध सुरू करायच्या आधी घ्यायचं असतं. आता औषध पोटात गेलंय, जंतू सापडायची शक्यता कमी झाली, तरी घेऊ." हे मला फार लागलं. पहिल्या दिवशी रक्त घेऊन मग औषध सुरू केलं असतं तर किती सोपं झालं असतं. इंजेक्शनं लागतील का विचारलं. चिमी पाणी पीत होती, उलट्या नव्हत्या, पोट मऊ होतं, म्हणून तोंडानं चालेल म्हणाल्या. पोट फुगलं, खूप दुखलं, शौचातून रक्त गेलं, लेकरू गुंगीत गेलं किंवा पाणी पोटात ठरेना, तर रात्र असो की दिवस, थेट आणायचं.

चिठ्ठीवर औषधाचं नाव छापल्यासारख्या मोठ्या अक्षरांत होतं. त्यापुढं "१०० मिलिग्रॅम प्रति ५ मिली", त्यापुढं "८ मिली (१६० मिलिग्रॅम) दर १२ तासांनी, १४ दिवस", आणि खाली वजन १६ किलो. आता मी कुठल्याही चिठ्ठीत आधी या चार गोष्टी शोधते.

चिठ्ठी मिळाली तरी औषध मिळवायला तासभर लागला. चौदा दिवसांचे अठ्ठावीस डोस, म्हणजे २२४ मिली. बाटली ३० मिलीची, म्हणजे आठ बाटल्या. पहिल्या मेडिकलमध्ये १०० वाल्या तीनच होत्या. "बाकी ५० वाल्या घ्या मॅडम, दुप्पट द्यायचं, एकच आहे." हिशोबानं ते बरोबरच होतं. पण घरात दोन ताकदीच्या बाटल्या असल्या आणि मी शाळेत गेल्यावर आत्याबाईंनी चुकीची उघडली तर? मी नको म्हटलं. दुसऱ्या दुकानात "ही जास्त पॉवरची आहे" म्हणून एक बाटली पुढं केली. मी आता अक्षर वाचायला शिकले होते. त्यात सेफिक्झिमसोबत ओफ्लॉक्सासिन मिसळलेलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते नको म्हटलं. तिसऱ्या दुकानात आठही मिळाल्या, १०८ रुपयांची एक, एकूण ८६४. त्या दुकानदारांनी चिठ्ठी पाहिली आणि एका वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, चिमीचं नाव, औषध आणि संख्या लिहून घेतली. मला नवल वाटलं. त्यांनी सांगितलं, हे औषध शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहे, २०१४ पासून अशा औषधांची नोंद ठेवणं आणि ती तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. डबीवरची लाल चौकट त्याचीच. आधीच्या दुकानात कुणी नाव विचारलं नव्हतं, चिठ्ठी नीट पाहिलीही नव्हती. दहा रुपयांची, सुई नसलेली १० मिलीची सिरींजही त्यांनीच दिली. बाटलीच्या टोपणावर अडीच, पाच, साडेसात, दहा अशा खुणा असतात. आठ मिली त्यात नेमकं मोजता येत नाही, आणि घरातला चमचा तर कुठला केवढा हे देवालाच माहीत.

पावडर कशी कालवायची तेही त्यांनी एका बाटलीवर करून दाखवलं. बाटली आधी तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्यायचं, गरम नाही. निम्मं पाणी घालून जोरात हलवायचं. पावडर भिजली की पातळी खाली बसते. मग बाणाच्या खुणेपर्यंत उरलेलं पाणी घालायचं, परत हलवायचं. फेस खाली बसू द्यायचा आणि खुणेशी डोळे आणून पाहायचं. खुणेच्या वर गेलं तर औषध पातळ झालं, खाली राहिलं तर घट्ट. प्रत्येक डोसच्या आधी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले डोस पाणी आणि शेवटचा भलताच कडक. कालवल्यावर किती दिवस टिकतं ते प्रत्येक डबीवर छापलेलं असतं. आमची बाटली दोन दिवसही पुरत नव्हती, त्यामुळं एक संपली की दुसरी कालवायची, दोन एकदम नाही. मी बाटल्यांवर १ ते ८ आकडे घातले आणि प्रत्येकीवर कालवल्याची तारीख.

दुपारी दोनला दवाखान्याच्या बाकावर पहिला डोस दिला. सिरींजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं, एकदम घशात नाही. तासभर तिचं पोट, पाठ, ओठ पाहत बसलो. काही झालं नाही. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे दुसरा डोस रात्री दहाला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ, रात्री आठ. जेवणाआधी की नंतर विचारलं होतं. हे औषध कसंही चालतं, पोटात ढवळत असेल तर खाऊन द्या म्हणाल्या. मात्र "सेफ" नं सुरू होणारी सगळी औषधं सारखी नसतात, काही जेवणासोबतच चांगली लागू पडतात, त्यामुळं दर वेळी विचारायचं.

पुढचे पाच दिवस सगळ्यांत अवघड गेले. मला वाटलं होतं, बरोबर डोस सुरू झाला की दुसऱ्या दिवशी ताप जाईल. २५ ला १०३. २६ ला १०२.८. मॅडमनी बजावून सांगितलं होतं की टायफॉईडचा ताप या औषधानं हळू उतरतो, पाच ते सात दिवस लागतात, तेवढ्यात औषध बदलायची घाई करू नका. ऐकताना पटलं होतं. रात्री दोन वाजता लेकरू कण्हत असताना ते पटवून घेणं फार कठीण जातं. २६ ला रात्री चिमीचे बाबा म्हणाले, "गावातच सलाईन लावू, इंजेक्शन देऊ." मी वही उघडून दाखवली. ताप आधी दिवसातून चार वेळा चढत होता, आता तीन वेळा. लघवी होत होती. दोन घास भात खाल्ला होता. त्या तक्त्यानं आम्हाला थांबवलं.

२६ ला सकाळीच तिनं औषध घेतल्यावर दहा मिनिटांत सगळं उलटून टाकलं होतं. यासाठीही आधीच विचारून ठेवलं होतं. अर्ध्या तासाच्या आत पूर्ण उलटी झाली तर तोच डोस परत, त्यानंतर झाली तर नाही. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर द्यायचा, पण पुढच्या वेळी दोन डोस एकदम कधीच नाही. मी आणखी आठ मिली भरलं, थोडा गूळ जिभेवर लावला आणि दिलं. राहिलं.

२७ ला गुरुवारी परत अंबाजोगाई. वजन १५.९. पोट मऊ. कल्चरमध्ये काहीतरी वाढायला लागलंय, नाव शनिवारी कळेल. २९ ला चिमीचे बाबा जाऊन रिपोर्ट घेऊन आले. साल्मोनेला टायफी, टायफॉईडचाच जंतू. आमच्या अपुऱ्या डोसनं जंतू मेलेच नव्हते, म्हणून ते चार दिवसांनंतरही सापडले. खाली कुठलं औषध चालेल त्याची यादी होती. सेफिक्झिमपुढं चालेल, ॲझिथ्रोमायसिनपुढं चालेल, सिप्रोफ्लॉक्सासिनपुढं चालणार नाही. ती "जास्त पॉवरची" बाटली मला आठवली. त्यातलं ओफ्लॉक्सासिन सिप्रोच्याच गटातलं. आपल्या देशात टायफॉईडचे जंतू या गटाला बहुतेक ठिकाणी दाद देत नाहीत. आणि पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉईड पसरला जो सेफॅलोस्पोरिनलाही दाद देत नाही. अर्धवट डोस देणं म्हणजे जंतूंना सराव देणं, हे मॅडमचे शब्द होते.

त्या रात्री या औषधाच्या मुळाबद्दल वाचलं. मला ते वर्गात सांगायचं आहे म्हणून इथंही सांगते. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर कालियारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्झू नावाचे प्राध्यापक होते. शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं त्या तोंडाशी त्यांना एक बुरशी सापडली. ते शोधत होते टायफॉईडवरचा उपाय. त्या बुरशीचा अर्क टायफॉईडच्या जंतूंना रोखतो, हे त्यांनी दाखवलं. पुढं ऑक्सफर्डमध्ये त्या बुरशीपासून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं काढलं गेलं आणि तिथून हा सगळा गट आला. ज्या घाण पाण्यातून हा आजार येतो, तशाच पाण्याच्या काठावर त्याचं औषध सापडलं. झोपलेल्या चिमीशेजारी बसून हे वाचताना मला पहिल्यांदा जरा निवांत वाटलं.

३० जून, रविवार. दिवसभर ९९ च्या वर गेला नाही. सातवा दिवस. संध्याकाळी तिनं स्वतःहून वरणभात मागितला. मी देवापुढं दिवा लावला.

ताप गेल्यावर वेगळंच सुरू झालं. १ जुलैपासून दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच. घरातले सगळे म्हणाले, ताप गेला, आता औषध कशाला, पोट बिघडवतंय. मी केसपेपरवरच्या नंबरवर फोन लावला. रक्त किंवा शेंब आहे का, ताप परत आला का, पाणी पिते का? तिन्हींची उत्तरं ठीक होती. या औषधानं पोट ढिलं होणं नेहमीचं आहे, ओआरएस द्या, ताक-भात द्या, औषध चालू ठेवा. रक्त दिसलं किंवा शौच खूप वाढलं तर आणा. शौच थांबवणारी गोळी द्यायची नाही. तीन दिवसांत थांबलं. औषध मध्येच सोडलं तर टायफॉईड उलटू शकतो, म्हणून ताप जाऊनही पुढचे सात दिवस पूर्ण करायचेच होते. आत्याबाईंना मी हे सोयाबीनच्या भाषेत सांगितलं. अळी दिसेनाशी झाली तरी फवारणी अर्ध्या रानात सोडत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून सकाळी पावणेआठला त्याच बाटली हलवायला घ्यायच्या.

रजेचं थोडक्यात. पहिले तीन दिवस किरकोळ रजा टाकली, नंतर बालसंगोपन रजेचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत दिला. केसपेपर आणि कल्चर रिपोर्टची झेरॉक्स जोडली, तेवढं पुरलं. मूळ कागद कुठंच देऊ नका, पुढच्या तपासणीला तेच लागतात.

३ जुलैला ग्रामपंचायतीत अर्ज दिला. नळाचं पाणी गढूळ आलं, लेकीचं कल्चर पॉझिटिव्ह आहे, विहिरीत ब्लीचिंग पावडर नियमित टाकावी आणि पाइप तपासावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. दोन दिवसांनी आरोग्यसेविका ताई आल्या, पाण्याचा नमुना घेतला, गल्लीत आणखी कुणाला ताप आहे का विचारत फिरल्या. नाल्याजवळ पाइपचा जोड गळत होता, तो बदलला. आम्ही पाणी उकळूनच पितो आता.

७ जुलैला रात्री आठला अठ्ठाविसावा डोस. ११ ला तपासणीला गेलो. वजन १६.४. टायफॉईडची लस काही आठवड्यांनी देता येईल म्हणाल्या, ती ऑगस्टच्या यादीत लिहून ठेवली. आठव्या बाटलीत उलटीच्या जादा डोसनंतरही तळाशी सात-आठ मिली उरलं होतं. आत्याबाई ती फडताळात ठेवायला निघाल्या. मी त्यांना मॅडमनी सांगितलेलं मूत्रपिंडाचं सांगितलं आणि तारीख दाखवली. त्यांनीच मग चुलीतली राख आणली, उरलेलं औषध राखेत कालवलं, कागदात गुंडाळलं आणि कचऱ्यात टाकलं. रिकाम्या बाटलीवरचं लेबल त्यांनी नखानं खरवडून काढलं, कुणी उचलून वापरू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी, ५० वाली बाटली जिथून घेतली होती, त्या मेडिकलमध्ये गेले. भांडायला नाही. १०० आणि ५० अशा दोन्ही डब्या काउंटरवर शेजारी ठेवायला सांगितल्या आणि त्या पोराला बारीक अक्षर वाचायला लावलं. त्यानं दोनदा वाचलं. मग खणातून मार्कर काढला आणि फळीवरच्या सगळ्या ५० वाल्या डब्यांवर मोठ्या आकड्यात "५०" लिहीत गेला.